कवटी आधी वाचा, मग रंगवा

काय दोस्तांनो, मथळा वाचून दचकलात ना? साहजिक आहे. कवटी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती विजेच्या डब्यावरची 'धोका' लिहिलेली पाटी, नाहीतर भुताच्या गोष्टीतलं चित्र. पण सुट्टीत गावाला गेल्यावर माळरानावर, ओढ्याच्या काठाला किंवा बांधाच्या कडेला एखादी शेळीची, मेंढीची कवटी पडलेली तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. उन्हापावसानं पांढरीफटक झालेली, एखादं शिंग शाबूत, आणि डोळ्यांच्या खाचेत मुंग्यांची ये-जा. कुणी तिला पायानं ढकललं असेल, कुणी काठीनं उलटून पाहिलं असेल. आणि एखाद्यानं उचलून घरी आणलीच, तर आईचं पहिलं वाक्य ठरलेलं: "शी! आधी बाहेर टाक ते, आणि हात धू!"

आईचं चुकलं नाही हं. हात धुवायलाच हवेत. पण ती कवटी टाकून देण्याआधी थोडं थांबू या. जगात अनेक जण अशा सापडलेल्या कवट्या स्वच्छ करतात, जपून ठेवतात, रंगवतात. गेल्या वेळी आपण वाळलेल्या पानांचे ठसे घेतले होते. आज या जरा वेगळ्या छंदाची ओळख करून घेऊ. पण एका अटीवर! ब्रश हातात घेण्याआधी कवटी वाचायला शिकायचं.

वाळवंटातली चित्रकर्ती

अमेरिकेत जॉर्जिया ओकीफ नावाची मोठी चित्रकर्ती होऊन गेली (१८८७ ते १९८६). १९२९ सालापासून ती उन्हाळ्यात न्यू मेक्सिको या रखरखीत प्रांतात जाऊन राहू लागली. तिथे रंगवायला हिरवीगार झाडं नव्हती, फुलं कमी. पण दुष्काळात मेलेल्या गुराढोरांची हाडं मात्र जिकडेतिकडे पडलेली. ओकीफबाईंनी ती गोळा केली आणि १९३० मध्ये चक्क एक पिंपभर हाडं रेल्वेच्या मालातून पूर्वेला आपल्या घरी पाठवली!

त्यांतूनच १९३१ साली तिचं एक गाजलेलं चित्र तयार झालं. गाईची पांढरी कवटी, आणि मागे लाल, पांढरे, निळे पट्टे. ते आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. त्याच साली तिनं घोड्याची कवटी आणि गुलाबी गुलाब असंही चित्र काढलं. ते कसं सुचलं माहीत आहे? कापडी फुलं चाळत असताना दारावर कुणीतरी आलं. उठताना तिनं हातातलं फूल सहज घोड्याच्या कवटीच्या डोळ्यात खोचलं. परत येऊन पाहते तो काय, समोर चित्र तयार!

लोक तिला विचारत, हे मरणाचं चित्र का? तिला मात्र ही हाडं मरणाची खूण वाटतच नसत. उलट, वाळवंटातली सगळ्यांत जिवंत गोष्ट हीच, असं तिला वाटे. लक्षात घ्या, तिनं कवटीवर रंग फासले नाहीत. आधी तासन् तास पाहिलं, मग कागदावर आणि कॅनव्हासवर उतरवलं. आपणही तोच क्रम धरू या.

कवटी बोलते!

शेळीची कवटी समोर आहे असं समजा. आता एकेक प्रश्न विचारा.

डोळे कुठे आहेत? दोन्ही बाजूंना. शेळी गवत खात असतानाही तिला आजूबाजूचं बरंचसं दिसतं, कारण लांडगा कुठूनही येऊ शकतो. मांजराचे डोळे मात्र पुढे असतात, भक्ष्यावर नेम धरायला. म्हणून साधा नियम असा: पुढे डोळे तो बहुधा शिकारी, बाजूला डोळे ती बहुधा शिकार. आणखी एक गंमत. शेळीच्या डोळ्याभोवती हाडाचं पुरं कडं असतं. कुत्र्याच्या कवटीत हे कडं मागच्या बाजूला उघडं असतं.

दात कुठे आहेत? शेळीच्या वरच्या जबड्यात पुढे एकही दात नसतो! ते पडलेले नसतात, मुळातच नसतात. तिथे टणक हिरडी असते. खालच्या आठ दातांनी पाला त्या हिरडीवर दाबायचा आणि मानेला झटका देऊन तोडायचा. मग मोकळी जागा, आणि मागे दाढा. दाढांवर चंद्रकोरीसारख्या धारदार रेघा दिसतील. रवंथ करताना जबडा आडवा फिरतो आणि या रेघा जात्याच्या टाक्यांसारखं काम करतात. एकूण दात ३२, म्हणजे मोठ्या माणसाला असतात तेवढेच. फक्त मांडणी निराळी.

वय किती? धनगर शेळीमेंढीचं तोंड उघडून वय सांगतो ते कसं? पुढचे सगळे दुधाचे दात असतील तर ते आदत जनावर, साधारण वर्षाच्या आतलं. दुधाचे दात जाऊन मोठे दोन आले की दोनदाती, मग चारदाती, सहादाती. चौथ्या वर्षाच्या सुमाराला आठही दात मोठे होतात. कवटीवरच्या नागमोडी शिवणीही पाहा. कवटी हे एकच हाड नसून पुष्कळ हाडं एकमेकांना शिवल्यासारखी जोडलेली असतात. कोवळ्या वयात या शिवणी सैल असतात, म्हातारपणी घट्ट होऊन पुसट होतात.

शिंग ओढून पाहा. जुन्या कवटीचं शिंग कधीकधी खोळीसारखं निघून हातात येतं! आत हाडाचा खुंट असतो आणि वरची खोळ आपल्या नखासारख्या पदार्थाची. नाकाच्या पोकळीत डोकावलात तर कागदाच्या सुरळीसारखी पातळ हाडं दिसतील. श्वासातली हवा गरम आणि ओलसर करण्याचं काम ती करतात.

शेळी की मेंढी, हेही कवटी सांगते. मेंढीच्या डोळ्याच्या पुढे हाडात एक खळगा असतो. शेळीला तो नसतो.

हे वाचन म्हणजे नुसता खेळ नव्हे बरं का. पुणे जिल्ह्यात इनामगाव इथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथली जुनी वस्ती साडेतीन हजार वर्षांपूर्वीची. त्या लोकांनी काही लिहून ठेवलं नव्हतं. पण त्यांनी टाकलेल्या हाडांवरून संशोधकांनी ओळखलं की ते गाईबैल, शेळ्यामेंढ्या पाळत आणि हरणांची शिकारही करत. म्हणजे हाड हीसुद्धा एक वहीच!

ही सफाई केली कुणी?

माळावरची कवटी इतकी स्वच्छ झाली कशी? पूर्वी जनावर मेलं की गिधाडं उतरत आणि बघता बघता सांगाडा मोकळा होई. पण १९९२ ते २००७ या काळात भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त नाहीशी झाली. कारण होतं डायक्लोफेनॅक हे गुरांना दिलं जाणारं वेदनाशामक औषध. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ साली गुरांसाठीच्या या औषधावर भारतात बंदी आली, पण गेलेली गिधाडं भराभर परत येत नाहीत.

उरलेलं काम मुंग्या, अळ्या आणि काही भुंगेरे करतात. त्यांतला एक भुंगेरा तर मोठमोठ्या म्युझियममध्ये नोकरीलाच आहे म्हणा ना! लंडनच्या आणि शिकागोच्या निसर्ग संग्रहालयांत कवट्या साफ करायला हे भुंगेरे मुद्दाम पाळतात. ते नाजूक हाडाला धक्का न लावता मांस तेवढं खातात. आपल्याकडे सुक्या मासळीला लागणाऱ्या किडींतही हा भुंगेरा असतो. कोकणातल्या आज्जीला विचारा, ती त्याला नोकरी देणार नाही!

हात लावण्याआधी थांबा

आता सगळ्यांत महत्त्वाचं. सापडली म्हणून कुठलीही कवटी आपली होत नाही.

आपल्या देशात १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. रानातला संरक्षित प्राणी मेलेला सापडला तरी तो सरकारची मालमत्ता ठरतो. त्याची कवटी, हाड, शिंग, दात, नख, कासवाची पाठ, यांतलं काहीही घरी ठेवता येत नाही. चितळाचं आपोआप गळून पडलेलं शिंगसुद्धा नाही. अशी वस्तू कुणाच्या हाती आलीच, तर ४८ तासांच्या आत पोलिसांना किंवा वनाधिकाऱ्यांना कळवून ती त्यांच्या ताब्यात द्यावी लागते. गळून पडलेल्या मोरपिसांना मात्र कायद्यात सवलत आहे.

तुम्ही म्हणाल, मेलेल्याचंच तर हाड आहे, कुणाचं काय बिघडलं? बिघडतं. "सापडलं" एवढं म्हणून सुटता आलं असतं, तर शिकार करणारा प्रत्येक चोर तेच म्हणाला असता. शिवाय ते हाड फुकट गेलेलं नसतं. सायाळ रात्री येऊन हाडं आणि शिंगं कुरतडते, तिला त्यातून कॅल्शियम मिळतं. जंगलात कचरा नसतोच, तिथे प्रत्येक वस्तूला गिऱ्हाईक असतं.

म्हणून आपला नियम पक्का: फक्त पाळीव शेळीमेंढीची, आणि ओळख शंभर टक्के पटली तरच. माळावर चिंकारा आणि काळवीटही असतात, त्यामुळे शंका आली तर हात लावायचा नाही. शेजारी एक नाणं ठेवून फोटो काढा, वहीत चित्र काढा आणि पुढे चला. पाहणारा घरी रिकाम्या हातानं आला, तरी रिकाम्या डोक्यानं येत नाही.

शेत ज्याचं, त्याला विचारा. जनावर कशानं मेलं हेही विचारा. रोगानं किंवा अचानक मेलेल्या जनावराच्या जवळपासही जायचं नाही. फाशी, म्हणजेच अँथ्रॅक्स या रोगाचे जंतू मातीत कित्येक दशकं टिकून राहतात आणि माणसालाही बाधतात. आणि शेतकऱ्यानं आपला बैल जिथे पुरला, ती जागा कधीही उकरायची नाही. त्याच्या दृष्टीनं तिथे हाडं नाहीत, घरातलं माणूस झोपलेलं आहे.

कृती

घरातलं मोठं माणूस सोबत हवंच. मांस, कातडं किंवा वास असलेली कवटी आपल्या कामाची नाही. कोरडी, पांढरी, हलकी तेवढीच घ्यायची.

१. हातात रबरी मोजे घाला, तोंडाला रुमाल बांधा. कवटी पिशवीत गुंडाळून आणा. घरात नको, अंगणात किंवा गच्चीवर काम करा.

२. जुन्या बादलीत पाणी आणि भांडी घासायचा थोडा साबण घालून कवटी दोन-तीन दिवस बुडवून ठेवा. बादलीवर जाळी किंवा फडकं घट्ट बांधा, नाहीतर डासांची शाळा भरेल! पाणी रोज बदला. ओतताना खाली जुनं गाळणं धरा, कारण पुढचे दात सुटून येतात. पाणी झाडाच्या बुंध्याशी ओता, मोरीत नको.

३. जुन्या दातघासणीनं हलक्या हातानं घासा. नाकातल्या पातळ हाडांना हात लावू नका.

४. कवटी उकळायची नाही! उकळलं की चरबी हाडात मुरते आणि पुढे पिवळे डाग येतात, पातळ हाडं तडकतात. पिवळेपणा असेल तर कोमट साबणाच्या पाण्यात आणखी काही दिवस ठेवा. याला कधीकधी महिनाही लागतो.

५. पांढरं करायला ब्लीचिंग पावडर वापरू नका. त्यानं हाड खडूसारखं भुसभुशीत होतं. औषधांच्या दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. हे काम मात्र मोठ्यांनीच करायचं. बाटलीवरची टक्केवारी पाहा. ६ टक्के असेल तर तेवढंच पाणी घालून ते ३ टक्के करा. भांडं प्लास्टिकचं घ्या, धातूचं नको. झाकण सैल ठेवा, कारण त्यातून वायू निघतो. एक दिवस ठेवून स्वच्छ पाण्यानं धुवा.

६. सावलीत आठवडाभर वाळवा. कडक उन्हात दात तडकतात.

७. सुटलेले दात फेव्हिकॉलनं जागच्या जागी बसवा. खालचा जबडा दोन तुकड्यांत असेल तर घाबरू नका. शेळीचा तसाच सुटतो. तोही चिकटवा. मग एक भाग फेव्हिकॉल आणि चार भाग पाणी असं मिश्रण करून सगळ्या कवटीवर ब्रशनं पातळ हात द्या. हाड घट्ट होतं.

हाड कापायचं किंवा जोरात घासायचं नाही. त्याची धूळ छातीत जाणं वाईट. काम झालं की साबणानं हात धुवा. (आईला सांगा, आम्हीच सांगितलंय!)

आता रंग!

शिंगं रंगवणं आपल्याला काही नवं नाही. पोळ्याला, बेंदराला बैलाची शिंगं हिंगुळानं रंगवतात, त्यावर बेगड चिकटवतात. वर्षभर राबणाऱ्या सोबत्याचा तो मान असतो. आपल्या रंगकामातही तोच भाव असू द्या. भुताखेताचे लाल डोळे आणि रक्ताचे ओघळ काढणं सोपं असतं, पण त्या गरीब शेळीनं आपलं काय वाकडं केलंय?

पोस्टर कलर हाताला लागतो, म्हणून अॅक्रिलिक रंग घ्या. आधी पांढऱ्याचा एक पातळ हात द्या. मग तीन प्रकार करून पाहता येतील.

पहिला, शिवणींचा नकाशा. शिवणीच्या रेघेपर्यंत एक रंग आणि पुढच्या हाडाला दुसरा. कपाळाचं हाड पिवळं, नाकाचं निळं, वरचा जबडा हिरवा. कवटी किती तुकड्यांची बनली आहे ते लगेच कळेल. शाळेच्या प्रदर्शनात हा प्रकार नक्की उठून दिसेल.

दुसरा, जनावराची गोष्ट. ती जिथे चरली तो माळ, बाभळीच्या शेंगा, ओढा, वरून जाणारा ढग, हे सगळं कपाळावर बारीक ब्रशनं काढा.

तिसरा, काहीच न रंगवणं! फक्त शिंगांना गेरू लावा आणि बाकी हाड तसंच पांढरं ठेवा. जॉर्जिया ओकीफला बहुधा हाच प्रकार आवडला असता.

रंग वाळल्यावर वॉर्निशचा एक हात द्या. कवटी ओल्या भिंतीपासून आणि मुंग्यांपासून दूर ठेवा. आणि खाली एक चिठ्ठी चिकटवा: कोणता प्राणी, कुठे सापडला, तारीख, कुणाला विचारून आणला, अंदाजे वय. चिठ्ठी नसलेली कवटी म्हणजे नुसती शोभेची वस्तू, चिठ्ठी असली की ती नोंद होते.

आईबाबांसाठी दोन शब्द

मूल हाड घेऊन दारात उभं राहिलं, तर त्याला विकृत समजू नका. मरणाबद्दल मुलांना प्रश्न पडतातच आणि बहुतेक घरांत ते "अशुभ बोलू नये" म्हणून गप्प केले जातात. हातात कवटी धरून "हिला काय काय दिसत असेल?" असा विचार करणारं मूल जिवंत शेळीला दगड मारायला सहसा धजणार नाही. तरीही तुमच्या घरच्या रीतीत हे बसत नसेल, तर त्यात काही वावगं नाही. तसं मुलाला मोकळेपणानं सांगा. पाहणं, फोटो आणि चित्रवही यांवरही हा छंद मजेत चालतो. मात्र पेरॉक्साइडची बाटली आणि 'हे कोणत्या प्राण्याचं?' हा निर्णय, या दोन गोष्टी मुलांवर सोडू नका.

या आठवड्याचं कोडं

माळावर दोन कवट्या पडल्यात. पहिलीला वर पुढचे दात नाहीत, डोळे बाजूला, डोळ्याभोवती पुरं कडं आणि डोळ्यापुढे खळगा. दुसरीला लांब सुळे, डोळ्यांचं कडं मागे उघडं. कोण कोण आहेत हे दोघे? आणि त्यांची जिवंतपणी गाठ पडली असती, तर कोण कुणाला राखत असेल? उत्तर याच लेखात लपलंय. पुन्हा वाचा, सापडेल!

मग दोस्तांनो, माळावर निघताना वही-पेन्सिल न्यायला विसरू नका. पुढच्या आठवड्यात भेटू, नव्या छंदासह!